बाकी शंभर

पायधुणीच्या वळणावर ट्राम कर्रकन ओरडली आणि त्याच वेळी कंडक्टरनं तिकीट हातावर ठेवलं. मनमोहननं सवयीनं त्यावरचा आकडा वाचला. चार, शून्य, आठ, सहा. चार नि आठ बारा, बारा नि सहा अठरा, एक नि आठ नऊ. म्हणजे नवानं पुरा भाग, बाकी काही नाही. इतकी वर्षं असं तिकीट हाती आलं की आजचा दिवस बरा जाणार असं त्याला वाटायचं. शाळेत गणिताच्या तासाला पोरांना तो तसं हसत हसत सांगायचासुद्धा. आज मात्र भर बाजारात कुणी कानशिलात ठेवून द्यावी तसे त्याचे कान तापले. त्यानं तिकीट मुठीत चुरगाळलं, मग तपासनीस चढला तर काय दाखवायचं म्हणून घाबरून उलगडलं आणि मांडीवर घासून घासून सरळ केलं. शेजारच्या गृहस्थानं विचारलं, "हरवलं होतं काय?" "नाही, सापडलं," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला. रविवारची सकाळ होती. बंद दुकानांच्या फळ्यांवर गेल्या निवडणुकीतल्या घोषणा उन्हानं विटल्या होत्या. 'मुंबईसह' एवढाच शब्द कुठं कुठं ठसठशीत उरला होता. त्याच्या खिशात नानांच्या अक्षरातला पत्ता होता: गंगुबाई, लालबाग, आणि खाली चाळीचं नाव. घरून निघताना त्यानं एक वाक्य पाठ केलं होतं: 'तुमचा आकडा बरोबर होता.' तेवढं म्हणायचं नि परत फिरायचं. पण त्या वाक्यामागे आणखी एक वाक्य उभं होतं, आणि ते पाठ करायची हिंमत त्याला पायधुणीपर्यंत झाली नव्हती.

कारण झालं होतं ते असं. परवा, जपाच्या शंभराव्या दिवशी, भरल्या सभामंडपात त्यानं एका म्हाताऱ्या गिरणीकामगार बाईला खोटं पाडलं होतं. ती खरी होती. आणि जो खोटा होता तो खांबाजवळच्या मानाच्या जागेवर बसून मान डोलावत होता.

त्या चातुर्मासात ठाकूरद्वारच्या एका वाडीतल्या राममंदिरात गणपतबुवांचं कीर्तन लागलं होतं. बुवांचं कीर्तन ज्यानं ऐकलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. माणूस ठेंगणा, आवाज थोडा बसका, पण नमनाला उभे राहिले आणि चिपळ्या एकदा वाजल्या की समोरच्या भिंतीवरच्या चुन्यालासुद्धा भाव फुटायचा. दोन वर्षांमागे संयुक्त महाराष्ट्रासाठी जे लोक गोळीबारात पडले, त्यांच्या नावानं एक कोटी रामनामाचा संकल्प बुवांनी पहिल्याच दिवशी सोडला. ज्यानं त्यानं घरी, कामावर, जमेल तिथं जप करायचा आणि संध्याकाळी येऊन सांगायचा. पूर्वरंग संपला की बुवांना हार पडायचा, बुक्का लागायचा, टाळकरी एक लय धरून ठेवायचे, आणि तेवढ्या वेळात नाना वही उघडायचे. नाना म्हणजे देवळाचे जुने कारभारी. निळी शाई लिहायला, तांबडी खोडायला, असे दोन टाक त्यांच्या पुढ्यात असायचे. एकेकाचं नाव मोठ्यानं पुकारायचं, त्यानं तितक्याच मोठ्यानं किती माळा झाल्या ते सांगायचं, नानांनी त्याला एकशे आठनं गुणून नामं मांडायची. देवाच्या दारी लपवायचं काय, अशी त्यामागची भावना.

मनमोहन त्या पहिल्या दिवशी निव्वळ बायकोबरोबर म्हणून गेला होता. नलूला कीर्तनाची ओढ, त्याला आकड्यांची. लहानपणी अण्णा, त्याचे वडील, असेच त्याला कीर्तनाला न्यायचे. हायकोर्टात कारकुनी करणारा तो करडा माणूस उत्तररंगात लहान मुलासारखा रडायचा, आणि मनमोहनला त्या रडण्याची इतकी लाज वाटायची की तो छताकडे बघून हंड्याझुंबरांचे लोलक मोजत बसायचा. एका झुंबराला बहात्तर, म्हणजे तीन झुंबरांना दोनशे सोळा, म्हणजे सहाचा घन. हे गवसलं तेव्हा त्याच्या अंगावर जो काटा आला होता तोच अण्णांच्या डोळ्यांतलं पाणी असणार, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं, आणि चाळिशी उलटली तरी तीच समजूत पुढं चालवली होती. त्यामुळे संकल्प ऐकताच तो उभा राहून म्हणाला होता, "बुवा, एक अडचण आहे. कोटीला एकशे आठनं भाग जात नाही. चौसष्ट उरतात. सगळ्यांनी पुऱ्या माळा केल्या तर आपण बरोबर कोटीवर थांबूच शकणार नाही. एक तर चौसष्ट कमी पडतील, नाही तर चव्वेचाळीस जास्त होतील." मग बुवा असे काही हसले की चिपळ्या आपोआप वाजल्या. "घ्या! देवाला आजवर कुणी एवढं बारकाईनं सांगितलं नसेल. मास्तर, मग चव्वेचाळीस जास्तच होऊ द्या. त्याच्या पायरीवर सांडलेले बरे." दुसऱ्या दिवशी निरूपणात त्यांनी 'आमचे गणिती मास्तर' असा उल्लेख केला, आणि खांबाजवळची जागा मनमोहनची झाली. आता त्या जागेवर बसायचं तर जप करायला हवा. त्यानं केला. रोज अकरा माळा, नऊ दिवस, खरोखर केल्या. करताना ओठांवर नाम असायचं आणि आत अकरा गुणिले एकशे आठ, अकराशे अठ्ठ्याऐंशी, त्याचे अवयव चार, सत्तावीस, अकरा. नाम बोटांतून निसटायचं, आकडे मात्र चिकटून बसायचे.

दहाव्या दिवशी चाचणीचे पेपर तपासण्यात दिवस गेला आणि एक मणीही ओढला गेला नाही. संध्याकाळी नानांनी पुकारलं, "त्रिलोकेकर मास्तर?" दोनशे माथी त्याच्याकडे वळली. 'आज नाही' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. त्यानं तोंड उघडलं आणि "अकरा" असं आलं. तेही इतकं सहज आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. नानांनी लिहिलं. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं हात जोडले. घरी आल्यावर हात धुवायला तो मोरीकडे गेला तर गॅलरीतल्या दोरीवर तुळशीची माळ वाळत घातलेली. नलू पाट मांडून पानं घेत होती. "सकाळी धुतली हो," ती वर न बघता म्हणाली, "दोन दिवस लागतील सुकायला." ती बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत बसलेली असते, तिनं ते 'अकरा' ऐकलं आहे, हे त्याला तेव्हा आठवलं. तिनं आमटी वाढली, लिंबू पिळलं, मीठ पुरेसं आहे का विचारलं. दुसऱ्या दिवशी माळ ओलीच होती, आणि त्यानं पुन्हा अकरा सांगितल्या. तिसऱ्या दिवशी ती वाळली. नलूनं ती खुंटीला लावली, आणि ती खुंटीलाच राहिली. महिन्याभरानं तर नाना त्याला विचारीनासेच झाले, नाव पुकारायचे आणि उत्तराआधी टाक चालवायचे, "मास्तर, अकरा." त्यानं फक्त मान हलवायची. खोटं बोलायचेही कष्ट उरले नाहीत.

भायखळ्याचा पूल ओलांडून ट्राम पुढं निघाली. ऊन खिडकीतून थेट तिकिटावर पडलं. शंभरावा दिवस त्याला पुनःपुन्हा दिसत होता, तोही स्वतःच्या डोळ्यांनी नव्हे. बायकांच्या घोळक्यात सगळ्यांत मागं, चपलांजवळ बसलेल्या कुणाच्या तरी डोळ्यांनी. त्या दिवशी आरती झाल्याबरोबर बुवा माहीमच्या दुसऱ्या कीर्तनाला गेले, आणि नानांनी शंभर दिवसांची एकूण बेरीज दाराजवळच्या फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहिली. तो आकडा समाप्तीपर्यंत तसाच राहायचा होता, रोजची भर फक्त वहीत. ९१,५०,९४०. लोकांनी रामाचा गजर केला. आणि मनमोहनच्या डोक्यात, कुणी सांगितलेलं नसताना, नऊ नि एक दहा, दहा नि पाच पंधरा, पंधरा नि नऊ चोवीस, नि चार अठ्ठावीस. म्हणजे नवानं भाग गेल्यावर बाकी एक. त्यानं पुन्हा बेरीज केली. बाकी एकच. सगळे जर पुऱ्या माळा सांगत असतील तर एकूण आकड्याला एकशे आठनं भाग गेलाच पाहिजे, आणि एकशे आठनं जातो तर नवानंही गेलाच पाहिजे. त्यानं फळ्याच्या कोपऱ्यात भागाकार मांडला. चौऱ्याऐंशी हजार सातशे तीस पुऱ्या माळा, बाकी शंभर. म्हणजे एका माळेला आठ मणी कमी. "नाना, आकडा चुकलाय," तो म्हणाला. त्या आवाजात, आता आठवतं, केवढा आनंद होता! शिकार सापडल्याचा.

नानांची बेरीज चुकायची नाही. मग त्यांनी एकेक नाव वाचलं. सगळ्यांचे आकडे माळांचे. शेवटी आलं, "गंगुबाई, लालबाग. रोज हजार."

"हजार माळा?"

"नाही हो, हजार नामं. पाळी सुटून उशिरा येते, माळा सांगतच नाही, नंतर मला नामंच सांगून जाते."

"हजाराला एकशे आठनं भाग जात नाही," मनमोहन म्हणाला, आणि बायकांच्या बाजूला वळला. "गंगुबाई कोण? हां, तुम्ही. बाई, माळा किती करता?"

काळीसावळी, हाडकुळी बाई चपलांजवळून उठून उभी राहिली. "माळ नाय हा मास्तरानू. चिंचोके आसत. गिरणीत माळ चलना नाय, हात अडकता."

"आणि रोज बरोबर हजार? शंभर दिवस? एक दिवस नऊशे नव्वद नाही, एक दिवस हजार दहा नाही?" तो वर्गात पोरांकडे बघतो तसा सभेकडे बघून हसला. "बाई, खरा आकडा एवढा गोल नसतो. अंदाजानं सांगितलेला असतो तोच असा गोल असतो." लोक हसले. वाईट मनानं नाही. मास्तर मजेदार बोलले म्हणून हसले. नाना घुटमळले, मग त्यांनी तांबडा टाक उचलून एक लाखावर रेघ ओढली आणि फळ्यावरचा आकडा दुरुस्त केला: ९०,५०,९४०. मनमोहननं तिथल्या तिथं अंकांची बेरीज केली. सत्तावीस. शुद्ध. तोवर ती बाई आपली कापडी पिशवी काखेत धरून पायऱ्या उतरून गेली होती. तिनं मागं वळून बघितलं नाही, आणि आपण ते बघत होतो, हे त्याला आठवत होतं.

घरी आल्यावर त्या शुद्ध आकड्याच्या धुंदीत त्यानं स्वतःचा वाटा काढायला घेतला. खरे नऊ दिवस सोडून उरले एक्याण्णव. एक्याण्णव गुणिले अकरा, एक हजार एक माळा. गुणिले एकशे आठ. पेन्सिल थांबली. एक लाख आठ हजार एकशे आठ. १,०८,१०८. देवळाच्या कमानीवर कोरावा असा आकडा. एकशे आठ, आणि पाठोपाठ पुन्हा एकशे आठ. आयुष्यात एवढा देखणा आकडा त्याच्या हातून घडला नव्हता, आणि त्यात एकही नाम नव्हतं. नलूनं विचारलं, "काय हो, गार पडलात?" त्यानं कागद उलटा केला. जी कसोटी लावून त्या बाईला उठवलं, त्याच कसोटीला आपलं खोटं काय लखलखीत उतरलं! भागाकाराला नामाचा वास येत नाही. ही गोष्ट एखादं पोरही सांगेल. त्याला ती कळायला एक्याण्णव दिवस लागले.

आणि तरीही, काल बुवा बोलले नसते तर तो आज ट्राममध्ये नसता. कालच्या पूर्वरंगात बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. त्यांनी त्या ठेवल्या की काहीतरी जड येणार, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक. "माळेला मणी एकशे आठ," ते म्हणाले. "धरायचे किती? शंभर. आठ सोडायचे. का? अहो, जीभ घसरते, डोळा लागतो, मन बाजारात जाऊन वांगी घेऊन येतं. त्या चुकभुलीचे आठ. त्यांच्यावर आपलं नाव घालायचं नाही. माझ्या गुरूंनी मला हे शिकवलं होतं, आणि कोटीच्या हौसेत मीच विसरलो. नाना विसरले, आपण सगळे आठांसकट मांडत बसलो. एक बाई तेवढी विसरली नव्हती." परवाची हकिगत नानांनी त्यांना सांगितली असणार, पण त्यांनी कुणाकडेही बघितलं नाही. मनमोहनच्या मनात मात्र तो आकडा पुन्हा उभा राहिला. दिवसाला दहा शेकडे, शंभर दिवसांचे हजार शेकडे. प्रत्येकामागं सोडलेले आठ, म्हणजे आठ हजार. त्यातून एकशे आठाच्या चौऱ्याहत्तर माळा वजा केल्या की उरतात बरोबर आठ. तिनं सोडलेले आठ एक्याण्णव लाखांच्या गर्दीतूनसुद्धा उठून उभे राहिले होते, आणि त्यांनाच त्यानं चोर म्हटलं होतं. त्यानंतर नानांनी सवयीनं "मास्तर, अकरा" म्हटलं तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, "आज नाही." नानांनी चष्म्यावरून बघितलं. "बरं वाटत नाही का?" सगळ्यांना काळजी वाटली. ती काळजी त्याला जास्त लागली.

लालबागला तो उतरला. चाळ शोधायला वेळ लागला नाही. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून एक तिशीतला माणूस पेपर वाचत होता. नाव विचारताच त्यानं पेपर खाली केला आणि मनमोहनला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "आये," तो आत तोंड करून म्हणाला, "मास्तर इलेत गो. चिंचोके मोजूक." मग वळून, "येवा, बसा. कागद पेन्सिल आणल्यात मां?"

"शिवा, गप रव," आतून आवाज आला. गंगुबाई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला. "बसा मास्तरानू. च्या घेशात?"

त्याला बसता येईना. उभ्यानंच त्यानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "गंगुबाई, तुमचा आकडा बरोबर होता."

"माका म्हायत हा," ती म्हणाली. "ह्या सांगूक इतक्या लांब इलात?"

"तुम्ही शंभरामागं आठ सोडत होता. त्या दिवशी हे सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलात खंय? तुम्ही तर सांगत होतात." तिच्या बोलण्यात राग नव्हता. कोपऱ्यात चिंचोक्यांची पिशवी दिसत होती. तिनं सांगितलं, वाइंडिंग खात्यात उभ्यानं सुताच्या बॉबिनी भरताना कनवटीच्या एका बाजूचा चिंचोका दुसऱ्या बाजूला, असे शंभर. मग आठ नुसते, न मोजता. असे दहा वेळा. हजार झाले की थांबायचं, म्हणून गोल. एवढं साधं होतं. शिवा दारात उभा राहून म्हणाला, "आनंदाच्या नावाचो जप तो. माझ्या धाकट्या भावाच्या. हयच नाक्यार पडलो तो. ज्यांच्यासाठी तुमचो कोटीचो जप चललो, त्यातलो एक. आणि तुम्ही त्याच्यार तांबडी रेघ मारलात." मनमोहनला वाटलं आता जमीन दुभंगावी वगैरे वाटायला हवं, पण वाटलं ते भलतंच. पाय दुखत होते आणि घशाला कोरड पडली होती. एखाद्या चोराला चोरी करताना तहान लागावी, तशी. मग ते दुसरं वाक्य, पाठ न केलेलं, त्याच्या तोंडून निघालं.

"आणि माझा आकडा खोटा होता."

गंगुबाईनं मान वर केली. "कितीचो?"

"एक लाख आठ हजार एकशे आठ."

शिवा फस्सकन हसला. "आयला! खोटो आकडोसुद्धा सोवळ्यातलो!"

"शिवा!" ती ओरडली, पण तिच्याही ओठांच्या कडा हलल्या. मग तिनं विचारलं, "एकदाय नाय म्हटलात?"

"पहिले नऊ दिवस म्हटले. तेव्हाही मनात आकडेच यायचे."

"ते येतलेच. माझ्याय मनात रेशान येता, मुकादम येता, आनंदो येता. म्हणान तर आठ." तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "शंभर दिसांचे माझे सोडलेले आठ हजार झाले. कोणाच्याय चुकीक लागूंदेत म्हणान सोडलेले. ते तुम्ही घेवा." कागद नाही, पेन्सिल नाही, आठ हजार, बरोबर. आणि मग, दुकानात कापड कमी भरल्यावर गिऱ्हाइकाची कीव यावी तशा आवाजात, "पण तुमका पुरूचे नाय मास्तरानू. लय मोठो आसा तुमचो."

त्यानं मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं असतं तर बरं झालं असतं. अण्णांना यायचं.

"आणि हय सांगान काय उपयोग?" गंगुबाई म्हणाली. "माका तुम्ही थयसर बोललात, चार लोकांत. ह्यापण थयच बोला. मी येतंय सांजेक." मग तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं, आणि शिवानं, काय वाटलं कोण जाणे, त्याला जिन्यापर्यंत सोबत केली. "नाय सांगल्यात तरी ती काय बोलूची नाय," तो हळूच म्हणाला. "तिचो स्वभावच तसो. म्हणान सांगतंय, सांगा."

परतीच्या ट्राममध्ये त्यानं तिकिटावरचा आकडा वाचला नाही. तो बोटांच्या पेरांवर नाम म्हणायला लागला. चौथ्या पेराला अंकांची बेरीज सुरू झाली; त्यानं सोडून दिलं, पहिल्यापासून धरलं. पुन्हा नानांचा तांबडा टाक आला, पुन्हा पहिल्यापासून. भायखळा गेलं, नळबाजाराची गर्दी गेली. शाळेतल्या पोरांच्या बापांचे चेहरे येत होते: त्यांतले सात-आठ जण रोज मंडपात असत. उद्या वर्गात फळ्याकडे वळल्यावर मागं कुजबुज होईल. मुख्याध्यापक बोलावतील, किंवा बोलावणार नाहीत, जे जास्त वाईट. उतरताना हिशेब केला तर मनापासून, आकड्याविना म्हटलेली नामं होती सदतीस.

संध्याकाळी मंडप भरला होता. गंगुबाई आली आणि होती त्याच जागी, चपलांजवळ बसायला लागली. त्यानं खांबाजवळून पाहिलं: दुसऱ्या रांगेतली नलू उठली, मागं गेली, तिच्या कानाशी काही बोलली, आणि हाताला धरून तिला पुढं आणून आपल्या सतरंजीवर बसवून घेतलं. त्यानं नलूला काहीच सांगितलं नव्हतं. पूर्वरंग कधी संपला ते त्याला कळलं नाही. हार पडला, बुक्का लागला, टाळ मंद सुरू राहिले. नावं चालली. "त्रिलोकेकर मास्तर, बरं वाटतंय ना आज? अकरा?" नानांचा टाक कागदाला टेकला होता.

तो उभा राहिला. "नाना, थांबा. माझे एक लाख आठ हजार एकशे आठ खोडा."

"काय?"

"दहाव्या दिवसापासून शंभराव्यापर्यंतचे. मी ते म्हटलेले नाहीत. नुसता आकडा सांगत होतो." आवाज खरखरला, म्हणून त्याला परत म्हणावं लागलं, मोठ्यानं. "आणि परवा गंगुबाईंना मी खोटं ठरवलं. त्यांचा जप खरा आहे. खोटा मी होतो." टाळ एकेक करून थांबले, शेवटचा एक टाळकरी डोळे मिटून वाजवत होता, त्याला शेजाऱ्यानं कोपर मारलं. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "अरेरे." दहाव्या दिवशीची ती पुढची म्हातारी त्याच्याकडे बघत होती, हात जोडायचे राहून गेलेली. त्याला वाटलं, बुवा आता काही गोड बोलतील, पापी कसे तरले त्याची एखादी कथा लावतील, सगळ्यांचे डोळे ओले होतील आणि आपण सुटू. बुवांनी मात्र फळ्याखालचा खडू उचलला आणि त्याच्यापुढं धरला. "गणिती तुम्ही," ते म्हणाले. "पुसायचं नि मांडायचं तुम्हीच."

दोनशे माणसांकडे पाठ करून त्यानं तो शुद्ध आकडा तळहातानं पुसला. गंगुबाईचे एक लाख परत घातले, आपले काढले, आणि लिहिलं: ९०,४२,८३२. हात खाली यायच्या आत डोक्यानं आपलं काम उरकलं होतं; त्याला ते थांबवता आलं नाही. एकशे आठनं भागलं तर बाकी शंभर. परवा होती तीच. एक लाखाहून मोठं खोटं त्यातून उपसून काढलं तरी बाकी तसूभर हलली नव्हती. शंभर दिवस तो त्या आकड्यात होता आणि त्याचा कुठं ओरखडासुद्धा नव्हता. उरले होते ते तिचे शंभर.

"नाना," मागून गंगुबाईचा आवाज आला, "माझे दोन दिस रवलेत. आजचे हजार लिवा. काल झालो नाय जप."

नानांनी निळा टाक उचलला. लिहून झाल्यावर तो हातात तसाच राहिला. वहीत पुढची ओळ मास्तरांची होती, रिकामी. त्यांनी चष्मा सारखा केला. "आणि मास्तर... तुमचे आजचे?"

खडू अजून मुठीत होता. घामानं त्याचा चिखल झाला होता. "सदतीस," मनमोहन म्हणाला.

"सदतीस माळा?"

"नाही. सदतीस नामं."

या वेळी बरेच जण हसले. नानांनी लिहिलं. सदतीसला एकशे आठनं भाग जात नाही, नवानं जात नाही, कशानंच जात नाही. मनमोहन खांबाकडे न जाता मागं चपलांजवळ जाऊन बसला, आणि बुवांनी उत्तररंगाला चिपळ्या उचलल्या.